पट्टीवरचा दुसरा जोड

१

आश्विनातल्या त्या दुपारी गावच्या अकरा बोटी समुद्रात होत्या, आणि त्या चालवणाऱ्या अकराही तांडेलांनी भिका मेहेरांचा आवाज मधेच तुटताना ऐकला.

"वारा फिरलाय रे, दक्षिणेकडून काळं येतंय. सगळ्यांनी जाळी उचला. 'देवकृपा', ऐकताय ना? 'देवकृपा'..."

पुढे नुसती खरखर. मग तीही नाही.

तारापूरच्या उत्तरेला किनाऱ्यालगत मच्छीमारांचं हे छोटं गाव. मच्छीमार सोसायटीच्या कौलारू कचेरीमागे वायरलेसचा टॉवर आणि त्याच्या पायथ्याशी एक खोली. भिकाकाका चाळीस वर्षं त्या खोलीत बसून बोटींशी बोलत आले होते. परतीच्या पावसाची पहिली वीज त्या दिवशी टॉवरवरच पडली.

खोलीत सर्वांत आधी पोचली नलू. बाजूच्या, मासळी वाळवायच्या खळ्यात ती बोंबील गोळा करत होती. काका खुर्चीतच होते. मान बाजूला कलली होती, हाताजवळ माइक. भिंतीवरची तांब्याची पाटी काळी पडली होती आणि सेटमधून धूर येत होता.

अकराही बोटी संध्याकाळच्या आत परतल्या. काकांचं शेवटचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणूनच परतल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी विक्रम पागधरे खोलीच्या मागे गेले. विजेने जमीन फुटली होती. आतून अर्थिंगची तांब्याची पट्टी बाहेर आली होती. दोन तुकडे, मधे वीतभर अंतर.

"जोड सुटलाय," विक्रम म्हणाले. जमलेल्या माणसांकडे वळून त्यांनी विचारलं, "हे अर्थिंग कोणी केलं होतं?"

नाव सगळ्यांना माहीत होतं. मासवणचा जिवल्या वरठा.

२

हेमाली चुरी तारापूरच्या कारखान्यांचं अर्थिंग तपासून द्यायची. बोईसरला रस्त्यालगतच्या एका गाळ्यात तिचं ऑफिस होतं. काकांच्या दहाव्याच्या दिवशी सकाळी तिथे एक बाई येऊन उभी राहिली. पायांना चिखल, हातात प्लास्टिकची पिशवी.

"मी लाडकी. जिवल्याची बायको."

हेमालीने तिला बसवलं, पाणी दिलं. बातमी तिच्यापर्यंत आधीच आली होती.

"जिवल्या कुठे आहे?"

"घरीच हाय. जेवत नाय, बोलत नाय. गावातली माणसं येऊन गेली, लय वाईट बोलली. मेहुलशेठनी कामावरनं काढलं." मेहुलशेठ म्हणजे जिवल्या ज्याच्याकडे काम करायचा तो बोईसरचा कंत्राटदार. "रविवारी सोसायटीची मीटिंग हाय. त्यात ठराव करून पोलिसात त्याचं नाव देणार."

"जिवल्या काय म्हणतो?"

"बोलतो, माझा जोड सुटायचा नाय. एवढंच बोलतो, पुन्ना पुन्ना." लाडकी थांबली. "मॅडम, जोड तुमीच शिकवला ना त्याला? म्हणून तुमच्याकडं आले. त्याच्या हातनं चूक झाली असंल तर तसं सांगा, मी रडणार नाय. पण तुमी बघून सांगा. आत्तापर्यंत कोणी बघितलंच नाय."

चार वर्षांपूर्वी कुंभवलीच्या एका कारखान्यात काम चालू होतं, तेव्हा खड्डे खणायला आलेल्या माणसांत जिवल्या होता. तो काम थांबवून तिच्या हातांकडे बघत बसायचा. ग्राफाइटचा साचा, त्यात दोन पट्ट्यांची टोकं, वरून पावडर. ठिणगी दिली की क्षणात पांढरा भडका, आणि साचा उघडला की तांब्याचा एकसंध गोळा. दोन पट्ट्या राहतच नाहीत, एकच होते. तिने त्याला शिकवलं. पहिला जोड जमला तेव्हा तो दिवसभर हसत होता.

त्याचा जोड सुटला असेल तर शिकवणारीचंही काहीतरी चुकलं होतं. हा विचार तिने लाडकीला बोलून दाखवला नाही. मीटरची पेटी उचलली आणि गाळ्याचं शटर ओढलं.

३

विक्रम पागधरे चाळिशीचे. डोळे जागरणाने सुजलेले. त्यांनी हेमालीला अडवलं नाही, पण आवाज कोरडा होता.

"बघा मॅडम. मात्र जे आहे ते समोरच आहे. माझा भाऊ 'देवकृपा'वर होता. काका त्यालाच हाक मारत होते."

हेमाली आधी टॉवरभोवती फिरली. टॉवरच्या तिन्ही पायांपासून पट्ट्या जमिनीत गेल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी माती उकरून तिने जोड पाहिले. तिन्ही धडधाकट, आणि प्रत्येकाच्या डाव्या कडेला बारीकशी उभी रेघ. जिवल्याच्या साच्याचा तिथे एक टवका उडाला होता. त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक जोडावर ती रेघ उठायचीच.

मग ती खोलीमागे आली.

"टॉवरवरून केबल खोलीत येते," तिने विक्रमना सांगितलं, "आणि भिंतीवरच्या या पाटीतून सेटला जाते. वीज केबलमधून आली तर तिने सेटकडे जाऊ नये, पाटीतून या पट्टीत उतरावं आणि पट्टीतून जमिनीत जावं. पट्टी तुटली की विजेला दुसरी वाट उरत नाही."

"दुसरी वाट म्हणजे काका," विक्रम हळूच म्हणाले.

हेमाली गुडघ्यांवर बसली. तुटलेल्या दोन्ही टोकांवर चार-चार बोटं लांबीचा करडा, चकाकता थर होता. खालच्या वाळूत ज्वारीच्या दाण्यांएवढे करडे थेंब सांडले होते. एक उचलून तिने नखाने दाबला. खूण उमटली.

"हे तांबं नाही. कथलाचा डाख आहे, रेडिओच्या वायरी जोडतात तो. जरा तापला की पाणी होतो. विजेच्या धक्क्यात हा टिकणं शक्यच नव्हतं."

"म्हणजे त्याने डाख देऊन काम उरकलं!"

"थांबा."

तिने मेहुलशेठला फोन लावला. मेहुलशेठ आधी ओरडला, माझं नाव गोवू नका म्हणाला. मग कामाच्या वेळचे फोटो त्याच्याकडे निघाले, ते त्याने पाठवले. एका फोटोत खोलीची भिंत होती, उघडा चर होता आणि चरात जिवल्याचा जोड. हेमालीने फोटो डोळ्यांसमोर धरला, भिंतीपासून पावलं मोजली आणि फुटलेल्या जागेच्या पुढे, दोन हातांवर, खुरपं चालवलं.

वीतभर खाली खुरपं खणकन वाजलं. तांब्याचा गोळा. डाव्या कडेला रेघ. कुठे चीर नाही, डाग नाही.

विक्रम वाकून बघत राहिले.

"जिवल्याचा जोड हा आहे," हेमाली म्हणाली. "तो शाबूत आहे. जिथे पट्टी सुटली तिथे त्याने जोड केलाच नव्हता. तिथली पट्टी अखंड होती. ती नंतर कोणीतरी तोडली, आणि नंतर कोणीतरी जोडली."

४

"तोडली म्हणता, तर चोरीसाठी असेल," विक्रम म्हणाले.

"चोर पट्टी घेऊन जाईल, डाख देऊन परत पुरणार नाही. या अर्थिंगची दर वर्षी तपासणी ठरली होती. ती झाली?"

विक्रमनी मान खाली घातली. "नाही. राहून गेलं. पुढच्या महिन्यात करू, असं दोनदा म्हटलं मी."

"ती झाली असती तर कदाचित हा जोड सापडला असता."

ते तुटलेल्या टोकाशी उकिडवे बसले. मग स्वतःच म्हणाले, "एवढ्या रुंद पट्टीला डाख द्यायचा तर मोठी आच लागते. गावात ब्लोलॅम्प एकाकडेच आहे. पुंडलिककडे."

पुंडलिक बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. धक्क्यावरच्या त्याच्या शेडमध्ये हेमाली शिरली तेव्हा तो एका रेडिएटरला डाख देत होता. तिला बघताच हात थांबला.

"मला ठाऊक हाय तुमी कशाला आलात. टॉवरचं काम मला न देता बाहेरच्याला दिलं, म्हणून मी तमाशा केला होता. सगळ्या गावाने ऐकलं. पण ताई, म्हणून मी काकांच्या खोलीची पट्टी तोडीन?"

"तुम्ही तोडली असं मी म्हटलेलं नाही. डाख देताना काय लावता?"

"ॲसिड." त्याने काचेची बाटली पुढे केली. त्याने दुरुस्त केलेल्या रेडिएटरच्या सांध्यांभोवती हिरवट बुरशीसारखा थर होता. ॲसिडने तांबं कालांतराने तसंच हिरवं पडतं.

हेमालीने रुमालातून पट्टीचं कापून आणलेलं टोक काढलं. त्यावर हिरवं काही नव्हतं. कडेला मधासारखा पिवळट, काचेसारखा कडक थर मात्र होता.

"जरा आच द्या याला."

पुंडलिकने ब्लोलॅम्प लांबून फिरवला. पिवळा थर मऊ झाला, त्यातून बारीक धूर निघाला, आणि शेडमध्ये देवळात धूप घातल्यासारखा वास पसरला.

पुंडलिकने ब्लोलॅम्प खाली ठेवला.

"राळ," तो म्हणाला. "आमी नाय वापरत राळ. रेडिएटरला ती चालत नाय. राळ लागते ती..."

"रेडिओवाल्याला."

बाहेर एका बोटीचं इंजिन चालू झालं, बंद पडलं.

"तुमचा लॅम्प कोणी नेला होता?" हेमालीने विचारलं.

पुंडलिकने तोंड फिरवलं. "गणपती गेल्यावर. तिसऱ्या दिवशी. मला बोलले, जरा काम हाय, दुपारी परत देतो. काकांनी मागितल्यावर मी का म्हणून विचारू?"

"कोणते काका?"

"आपल्या गावात काका एकच होते, ताई."

५

वायरलेसच्या खोलीत काकांची वही जागेवर होती. रोज कुठल्या बोटीशी कधी बोलणं झालं, सेट कधी बंद ठेवला आणि का, सगळं मोत्यासारख्या अक्षरात. 'सेट बंद, कारण फ्यूज.' 'सेट बंद, कारण नातीचं बारसं.' हेमालीने गणपतीनंतरच्या तिसऱ्या दिवसाचं पान काढलं.

'दुपारी दोन ते चार सेट बंद. कारण'

पुढची जागा कोरी.

चाळीस वर्षांत खोटं कारण न लिहिलेला माणूस त्या दिवशी खरंही लिहू शकला नव्हता. कोणासाठी?

ती पुन्हा मागे गेली. डाखाच्या थराखाली पट्टीची टोकं तिने नीट पाहिली. करवतीने कापली असती तर कड सरळ आली असती. ही कड तिरपी, दबलेली, चार-पाच घावांची होती. पहारीचं चपटं तोंड. म्हणजे पट्टी तोडणारा पट्टीसाठी आला नव्हता, जमीन खणायला आला होता.

तिने मान वर केली. खळ्यातून एक चर निघून, खोलीच्या मागून, समुद्राकडे गेला होता. चर नवा होता. पट्टी फुटली होती ती बरोबर त्या चराखाली.

खळ्यात चौदा बायका बोंबील बांबूंवर टांगत होत्या. एकटी नलू कडेला बसून होती. तिच्या पुढ्यातली टोपली भरलेलीच होती.

बायकांकडून तिचं नाव विचारून हेमाली तिच्याशेजारी जमिनीवर बसली.

"नलूमावशी, हा चर कधी काढला?"

"पाऊस लांबला ना यंदा. खळ्यात पाणी साठायचं, मासळी नासायची." नलूने पदर तोंडावर घेतला. "तू शोधलंस ना, बाय?"

"पट्टीपर्यंत आले आहे. पुढचं तुम्ही सांगायचं आहे."

नलूने पुढ्यातली टोपली बाजूला सारली. मग बोलायला लागली ती थांबलीच नाही.

"पहार माझ्या हातात होती. काहीतरी लागलं, वाटलं जुनी लोखंडी पट्टी असंल. घातले चार घाव. तुटल्यावर बघते तर लाल तांबं. मागच्या साली खणताना पाण्याचा पाइप फुटला होता, तेव्हाच विक्रम बोलला होता, पुन्ना काय मोडलंत तर खळं बंद. चौदा घरांची चूल हाय यावर. मी धावत भिकादादाकडं गेले. तो आला, बघितलं, हसला. बोलला, रडतेस काय, चाळीस वर्षं डाख देतोय, माझा एक जोड सुटला नाय आजवर. त्याने पट्टी घासून आरशासारखी केली. मी माती लोटली. कोणाला सांगू नको बोलला."

"आणि जिवल्याचं नाव आलं तेव्हा?"

"तेव्हा दादाला पेटवून आलो होतो आमी." नलू म्हणाली. "सगळे बोलत होते, खोलीला भिकादादाचं नाव देऊ. मी सांगितलं असतं तर काय बोलले असते? की म्हातारा आपल्याच हाताने मेला? माझ्यासाठी केलं त्याने, आणि मी त्याचं नाव घालवू? मग मला वाटलं, तो मासवणचा पोरगा कुठला, कोण, आपल्याला काय ठाऊक..." ती थांबली. "असं वाटलं मला. हे पण लिही."

हेमालीने काही लिहिलं नाही. तिने नलूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"मावशी, डाख वाईट नसतो. रेडिओतला जोड तेवढ्यावर आयुष्यभर टिकतो. काकांना रेडिओ माहीत होता. आभाळातली वीज जमिनीत उतरवायची तर डाख पुरत नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी रविवारी एवढंच सांगणार, की जोड दुसरा होता आणि तो जिवल्याचा नव्हता. जिवल्याचं नाव त्याने मोकळं होईल. बाकीचं तुम्ही ठरवा."

६

रविवारी सकाळी सोसायटीच्या कचेरीत उभं राहायला जागा नव्हती. हेमालीने टेबलावर तीन वस्तू मांडल्या. टॉवरच्या पायाजवळच्या जोडाचा फोटो, चरापुढे सापडलेल्या जोडाचा फोटो आणि डाख लागलेलं टोक. दोन्ही फोटोंतली रेघ तिने बोटाने दाखवली. ती रेघ डाखाच्या जोडावर नाही, आणि असूही शकत नाही, हे सांगितलं. करड्या थेंबांचं, राळेचं, पहारीच्या घावांचं सगळं सांगितलं. मागच्या बाकावरचे म्हातारे तांडेलही मान डोलवत होते.

"मग तोडली कोणी, आणि जोडली कोणी?" कोणीतरी ओरडलं.

हेमालीने डाखाचं टोक पुन्हा रुमालात गुंडाळलं. पुंडलिक खाली बघत होता. पंखा करकरत होता.

"मी तोडली," नलू उभी राहिली. "आणि जोडली भिकादादाने. मला वाचवायला."

तिने सगळं सांगितलं. खळ्यात सांगितलं होतं तसंच, स्वतःच्या मनातलं वाईटसुद्धा.

गलका उठला. विक्रमनी हात वर करून तो थांबवला.

"मला येऊन सांगायचं होतं, नलूवहिनी."

"सांगितलं असतं तर तू खळं बंद केलं असतंस. तू तसं बोलला होतास."

विक्रम खुर्चीत बसले.

"बोललो होतो," ते म्हणाले. "आणि तपासणी राहिली ती माझ्याकडून. हेही ठरावात लिहा."

म्हातारा शिवाजी तांडेल पुढे आला. 'देवकृपा' त्याची. "भिकाने चूक केली असंल," तो म्हणाला. "पण त्याच भिकाच्या हाकेने माझी सात माणसं घरी आली. खोलीला नाव त्याचंच लागंल. कोणाला काय बोलायचं असंल तर आत्ता बोला."

कोणी बोललं नाही.

जिवल्याविरुद्धच्या तक्रारीचा कागद विक्रमनी फाडला. पोलिसांना द्यायचा खरा जबाब नलूने आपल्या सहीने दिला. तो देताना विक्रम तिच्याशेजारी उभे होते.

त्याच दुपारी हेमालीने नलूला गाडीत घेतलं आणि मासवणचा रस्ता धरला.

जिवल्या शेतात होता. डोंगराच्या उतारावरचं, लवकर तयार होणारं हळवं भात पिवळं झालं होतं. तो आणि लाडकी कापणीला लागले होते. गाडी पाहून लाडकी ताठ उभी राहिली. जिवल्या ओणवाच राहिला.

नलू बांधावरून खाली उतरली. चपला काढल्या. जिवल्यासमोर उभी राहून तिने हात जोडले आणि सगळं पुन्हा एकदा सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुझा जोड पक्का होता. मला ठाऊक होतं, आणि मी गप बसले."

जिवल्या सरळ झाला. दोन आठवड्यांत तो निम्मा झाला होता. तो नलूकडे नाही, हेमालीकडे बघत होता.

"मॅडम, काकांनी डाख द्यायच्या आधी पट्टी घासली होती?"

"चकचकीत. काठापर्यंत."

"दोन्ही बाजू?"

"दोन्ही."

त्याने मान हलवली. "मग त्यांनी त्यांच्या परीने चांगलंच काम केलं." मग नलूकडे वळून म्हणाला, "मावशी, लोक घरी आले तेव्हा माझी आय दार लावून रडत होती. ते मी लगेच नाय विसरायचा."

"नको विसरू," नलू म्हणाली.

वाऱ्याने भात सळसळलं. जिवल्याने विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

"आता वायरलेसवर कोण बसतं?"

"कोणी नाही," हेमाली म्हणाली. "सेट नवा आणलाय, पण पट्टी जोडल्याशिवाय मी चालू करू देणार नाही."

"आणि बोटी?"

"गेल्यात," नलू म्हणाली. "पोटासाठी जावं लागतं ना. तशाच गेल्यात."

जिवल्याने विळा खांद्यावरच्या टॉवेलने पुसला. "साचा घरात हाय. पावडर तुमच्या गाडीत असंल ना, मॅडम? चला, उजेड हाय तोवर जोडू."

लाडकीने अर्ध्या कापलेल्या शेताकडे पाहिलं. पश्चिमेला पुन्हा ढग धरत होते.

नलूने पदर कमरेला खोचला आणि त्याच्यापुढे हात केला.

"तू जा. तुझी ओळ मी कापते."

जिवल्याने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि विळा तिच्या हातात दिला. नलूने जन्मात भात कापलं नव्हतं. ती खाली वाकली, मुठीत धाटं धरली आणि उलटा विळा लावला. लाडकी जवळ आली. तिने नलूचं मनगट धरलं, विळा फिरवून नीट केला, आणि पहिली मूठ तिच्याकडून कापून घेतली.